चिपचे नाव खोक्यावर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीतली लॅपटॉपची परीक्षणे मी नेमाने वाचते. नेटवर्कच्या रकान्यात दर वेळी ‘वाय-फाय ६, ब्लूटूथ ५.२’ एवढेच छापलेले असते. यातून वाचकाला काही कळत नाही. वाय-फाय ६ हे मानकाचे नाव झाले. ते मानक कोणाच्या चिपने पाळले आहे, त्या चिपचा ड्रायव्हर (तिला संगणकाशी बोलते करणारा कार्यक्रम) कोण लिहितो आणि आणखी तीन वर्षांनी तो चालणार आहे का, यावर त्या यंत्राचे पुढचे आयुष्य ठरते. ते कोणी लिहीत नाही. परीक्षक लिहीत नाहीत, विक्रेत्याला माहीत नसते आणि कंपनी खोक्यावर छापत नाही.

माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. निवृत्तीनंतर एका सार्वजनिक वाचनालयातल्या संगणकखोलीची देखभाल मी अंगावर घेतली आहे. यंत्रे सगळी देणगीत आलेली, म्हणजे जुनी. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली आहे. हौस हे त्याचे कारण नाही. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि यातल्या बहुतेक यंत्रांना विंडोज ११ आत घेत नाही. अशी चांगली चालणारी यंत्रे भंगारात टाकायची की त्यांवर लिनक्स घालायचे, हा प्रश्न आज पुष्कळ घरांत आणि शाळांत पडलेला असणार. जे लिनक्सकडे वळतील त्यांना पहिली ठेच कुठे लागते ते मी सांगू शकते. स्क्रीन लागते, आवाज येतो, प्रिंटरही हल्ली निमूट चालतो. अडते ते नेटवर्कपाशी. आणि ड्रायव्हर उतरवून घ्यायला तर नेटवर्कच हवे! (सुटकेचा मार्ग: मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला द्यावे. त्यासाठीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये मुळातच असतो.)

वाचनालयासाठी आम्ही यूएसबीला लावायची वाय-फायची एक दांडी घेतली होती. ती लावल्याबरोबर चालली. म्हणून त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची आणखी एक मागवली. खोके तेच, चित्र तेच, मॉडेल क्रमांकही तोच. ही दुसरी मात्र लागेच ना. ‘एलएसयूएसबी’ हा आदेश देऊन दोन्हींचे ओळखक्रमांक पाहिले तेव्हा उलगडा झाला. आतली चिपच बदलली होती, निर्मातासुद्धा वेगळा. खोक्याच्या तळाशी, बारकोडच्या शेजारी, डोळे बारीक करून पाहावे लागेल अशा अक्षरात आवृत्ती २ असे छापले होते. कंपनीला ईमेल केली. उत्तर आले, ‘आपले उत्पादन विंडोजसाठी आहे.’ कंपनीचे नाव देत नाही, कारण हा खेळ तिच्या एकटीचा नाही. लिनक्सवाल्यांमध्ये टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या दांडीचे उदाहरण सर्वांना तोंडपाठ आहे. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे आणि पुढे तिच्या फर्मवेअरचा (चिपच्या आत चालणाऱ्या कार्यक्रमाचा) सोर्स, म्हणजे मूळ कोडही खुला झाला. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची अगदी वेगळी चिप आली. नाव मात्र तेच राहिले. औषधाच्या बाटलीवरचे लेबल तेच ठेवून आतले औषध बदलले तर आपण ते चालवून घेऊ का?

आता ड्रायव्हर कर्नलमध्ये नसला तर काय बिघडते, ते समजावून सांगते. लिनक्समध्ये ड्रायव्हरची खरी जागा कर्नलच्या सोर्समध्ये, बाकी सगळ्या ड्रायव्हरांच्या सोबत असते. तिथे तो एकदा स्वीकारला गेला की पुढे कर्नलच्या आत काही बदलले तर बदलणारा माणूसच त्या ड्रायव्हरमध्येही दुरुस्ती करतो. कर्नलची आतली रचना मुद्दामच स्थिर ठेवलेली नाही. कर्नलच्या प्रमुख विकासकांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन, यांनी त्यामागची कारणे सांगणारे टिपण लिहिले आहे आणि ते कर्नलच्या दस्तऐवजांतच आहे. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो. म्हणजे जो ड्रायव्हर या घराबाहेर राहतो त्याच्या पायाखालची जमीन दर दोन-अडीच महिन्यांनी थोडी सरकते.

कंपन्यांना हे माहीत असते, तरीही त्या काय करतात, तर आपल्या संकेतस्थळावर एक झिप फाइल ठेवतात. आत सी भाषेतला सोर्स आणि एक ‘रीडमी’. त्यात लिहिलेले असते की हा ड्रायव्हर अमुक कर्नलपर्यंत चालतो. आणि तो कर्नल तुमच्या यंत्रावरून केव्हाच गेलेला असतो. तो सोर्स कंपाइल करायला, म्हणजे त्यातून चालणारा ड्रायव्हर बांधायला बसलात की त्रुटींचा पाऊस पडतो. मग कोणीतरी भला माणूस, बहुधा दिवसा दुसरीच नोकरी करणारा, त्या सोर्सला ठिगळे लावून आपली प्रत सर्वांसाठी ठेवतो. ती उतरवायची, डीकेएमएस नावाच्या व्यवस्थेत घालायची, म्हणजे नवा कर्नल आला की ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधला जातो. बांधला गेला तर. यंत्रात सिक्युअर बूट (सही नसलेला कोड चालू न देणारी सोय) चालू असेल तर त्या ड्रायव्हरवर स्वतःच्या किल्लीने डिजिटल सही करून ती किल्ली यंत्रात नोंदवावी लागते आणि त्यासाठी यंत्र पुन्हा सुरू होताना एका निळ्या पडद्यावर योग्य वेळी योग्य बटण दाबावे लागते. मी हे करते, कारण मला वेळ आहे आणि खाज आहे. मुलीच्या परीक्षेचा अर्ज भरायला आलेल्या बाईंकडून ही अपेक्षा करायची का?

रिअलटेकच्या आरटीएल८८१२एयू या यूएसबी चिपचेच पाहा. दहा वर्षांहून अधिक काळ ती बाजारात आहे, कितीतरी नावांनी विकली गेली आहे. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर आला तो थेट २०२५ मध्ये. तोवरची सगळी वर्षे ही दांडी घेणारा प्रत्येक जण कोणा स्वयंसेवकाच्या प्रतीवर अवलंबून होता. कंपनीच्या बाजूनेही सांगायला हवे: तिचे काही अभियंते हल्ली मुख्य कर्नलमध्ये नेटाने काम करतात आणि नव्या चिपांची परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. पण वाचनालयात देणगीत येते ते जुने सामान.

‘तंत्रज्ञान गुंतागुंतीचे आहे, वेळ लागतो’ असे उत्तर मला ऐकवले जाते. इतिहास काही वेगळेच सांगतो. २००७ च्या जानेवारीत याच क्रोआ-हार्टमन यांनी हार्डवेअर कंपन्यांना जाहीर देकार दिला होता की आम्हाला चिपचे दस्तऐवज द्या, लिनक्सचा ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देऊ आणि हवा तर गोपनीयतेचा करारही करू. त्याच काळात ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपांसाठी स्वयंसेवक काय करत होते? कंपनी एक पान द्यायला तयार नव्हती. म्हणून एका गटाने तिचा बंद ड्रायव्हर उसवून चिप कशी चालते याचे वर्णन लिहिले. आणि दुसऱ्या गटाने बंद ड्रायव्हरकडे न पाहता, फक्त त्या वर्णनावरून, नवा ड्रायव्हर रचला. चोरीचा आरोप येऊ नये म्हणून ही फारकत. तो २००६ मध्ये २.६.१७ या कर्नलमध्ये गेला. त्यालाही फर्मवेअर लागायचे आणि ते वाटण्याची परवानगी कंपनीने दिली नव्हती. मग त्यासाठी एक अवजार निघाले, त्याचे नाव बी४३-एफडब्ल्यूकटर. कंपनीचाच ड्रायव्हर तुम्ही उतरवून घ्यायचा आणि त्यातून फर्मवेअरचा तुकडा हे अवजार कापून देणार. ज्याने पैसे मोजून कार्ड घेतले त्याने ते चालवायला ही कसरत करायची! ब्रॉडकॉमने आपला खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये, आणि तोही तेव्हाच्या नव्या चिपांपुरता.

याउलट अथेरॉस. त्यांच्या चिपा आधी मॅडवायफाय नावाच्या ड्रायव्हरने चालत आणि त्याच्या पोटात एक बंद तुकडा होता. ओपनबीएसडी या दुसऱ्या एका खुल्या कार्यप्रणालीच्या मंडळींनी त्या तुकड्याला पर्याय लिहिला, त्यावरून लिनक्सचा एटीएच५के झाला आणि २००८ मध्ये कंपनीने स्वतःच पुढच्या चिपांसाठी एटीएच९के हा खुला ड्रायव्हर दिला. कंपनी बुडाली नाही. पुढे क्वालकॉमने तिला विकत घेतले. आमच्या खोलीतली जी यंत्रे सर्वांत कमी कुरकुर करतात त्यांत हीच जुनी अथेरॉसची कार्डे आहेत.

फर्मवेअरबाबत मी कर्मठ नाही. कर्नलमधला ड्रायव्हर खुला असावा, पण चिपच्या आत चालणारा कार्यक्रम बंद असला तरी माझे भांडण नाही. तो वाटायची मुभा तेवढी हवी. लिनक्सची संपूर्ण प्रणाली बांधून देणाऱ्या डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ प्रकल्पालाही इथे पाऊल मागे घ्यावे लागले. त्यांच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बंद फर्मवेअर नसे, त्यामुळे नवखा माणूस स्थापनेच्या दुसऱ्या-तिसऱ्या पडद्यावरच अडकायचा. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून ते फर्मवेअर आत घ्यायचे ठरवले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते सोबत येते. ज्यांनी विरोधात मत दिले असेल त्यांचा मुद्दा मला पटतो. ज्यांच्यासाठी मी संगणक लावते त्यांना मात्र या निर्णयाचा फायदा झाला.

एवढे झाल्यावर लोक म्हणतात, वायर लावा आणि मोकळ्या व्हा. वायरचे कार्ड सहसा ओळखले जाते हे खरे. म्हणून ते भरवशाचे असतेच असे नाही. रिअलटेकचे ८१३९ हे जुने स्वस्त कार्ड ज्यांनी हाताळले त्यांना आठवेल. फ्रीबीएसडी या आणखी एका खुल्या कार्यप्रणालीतला त्याचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने सोर्समधल्या टिप्पणीतच त्याची यथेच्छ सालटी काढली आहेत, कारण पाठवायच्या डेटाची एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नक्कल करण्यातच प्रोसेसरचा वेळ जाई. पण ते निदान चालायचे. इंटेलची आय२२५-व्ही ही २.५ गिगाबिटची चिप आली तेव्हा तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोन पॅकेटांमधले अंतर पाळण्यातच दोष होता. नेटवर्कच्या काही स्विचांना ती जोडली की पॅकेटे (डेटाचे तुकडे) गळत आणि वेग कोसळे. ड्रायव्हर बदलून ते सुटणारे नव्हते, कारण खोट सिलिकॉनमध्ये होती. दुरुस्तीसाठी चिपच्या पुढच्या आवृत्तीचीच वाट पाहावी लागली. मदरबोर्डाच्या खोक्यावर यातले काय छापलेले असायचे? ‘२.५ गिगाबिट लॅन.’ आतली चिप बी१ आवृत्तीची, बी२ की बी३, ते विकत घेऊन, लावून, आदेश देऊन पाहा. म्हणून मी म्हणते की चिपच्या नावासोबत तिची आवृत्तीही छापली पाहिजे.

खुलेपणाने हार्डवेअर सुधारते असा माझा दावा नाही. बिघाड सापडतो, एवढे मात्र नक्की. २००८ च्या सप्टेंबरात २.६.२७ कर्नलच्या चाचणी-आवृत्त्या वापरणाऱ्या काहींची इंटेलची वायर्ड कार्डे एकाएकी मेली. त्यांच्या आतली स्थायी स्मृतीच पुसली जात होती. संशय अर्थातच इंटेलच्या ई१०००ई या ड्रायव्हरवर आला. इंटेलच्या माणसांनी आधी त्या स्मृतीवर लेखनबंदी घातली, आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर शोध सुरू झाला. ऑक्टोबरात गुन्हेगार सापडला तो भलताच: कर्नलमधली एफट्रेस नावाची, कामाचा माग ठेवणारी सोय. आपल्याच जुन्या कोडमध्ये ती बदल लिहायला जायची, पण त्या पत्त्यावर आता कार्डाची ती स्थायी स्मृती येऊन बसलेली असायची. यातला कार्डाचा ड्रायव्हर बंद असता, तर प्रत्येक पक्ष दुसऱ्याकडे बोट दाखवत बसला असता आणि आपण नवे कार्ड विकत घेतले असते. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक रॅकसोबत सर्किटच्या आकृत्यांची जाडजूड वही येत असे. रात्रपाळीला एकटी असले तरी आकृतीवर बोट ठेवून रिलेपर्यंत पोचता येई. हातातल्या कार्डाबद्दल आज मला त्याच्या शतांशही माहिती मिळत नाही.

रेडिओचे नियम पुढे करणे ही कंपन्यांची आवडती ढाल आहे. ग्राहकाने मनमानी ताकदीने, भलत्या वाहिनीवर प्रक्षेपण करू नये म्हणून म्हणे सगळे कुलूपबंद. नियमाची गरज मला मान्य आहे. बिनतारी लहरी ही सामाईक मालमत्ता आहे. पण लिनक्समध्ये देशोदेशींच्या मर्यादांची सही केलेली सूची असते आणि ड्रायव्हर ती पाळतात. एटीएच९के इतकी वर्षे खुला आहे, मीडियाटेकच्या चिपांचा एमटी७६ हा ड्रायव्हरही खुला आहे, आणि त्यांनी कुठे आकाश कोसळले नाही.

‘मग सरळ इंटेलचेच वाय-फाय घ्या ना’ हा सल्ला मलाही मिळाला. बऱ्याच अंशी तो बरोबरही आहे. ड्रायव्हर कर्नलमध्ये, फर्मवेअर वाटायला मोकळे. पण कित्येक पातळ लॅपटॉपांत कार्ड बोर्डावर डाग देऊन बसवलेले असते. काही जुन्या लॅपटॉपांचे बायोस (यंत्र सुरू करणारा कार्यक्रम) फक्त ठरावीक कार्डेच चालू देते, दुसरे लावले की यंत्र सुरूच होत नाही. इंटेलची काही कार्डे, उदाहरणार्थ एएक्स२०१, दिसायला नेहमीच्या खाचेत बसतात, पण त्यांचा निम्मा भाग प्रोसेसरच्या बाजूला असतो. चुकीच्या बोर्डावर ती मुकी. आणि जुन्या संगणकालाच वाय-फायचे केंद्र करून खोलीभर जाळे द्यावे म्हटले, तर इंटेलची ही कार्डे ५ गिगाहर्ट्झवर ते सहसा करू देत नाहीत. मला नेमके तेच करायचे होते. ते काम शेवटी एका जुन्या अथेरॉसच्या कार्डावर चालले आहे.

निर्मात्यांकडे माझे मागणे मोठे नाही. खोक्यावर आणि संकेतस्थळावर चिपचे नाव आणि आवृत्ती छापा. चिप बदलली तर मॉडेलचे नाव बदला. फर्मवेअर वाटायचा परवाना द्या. ड्रायव्हर लिहायचा नसेल तर लिहू नका, पण दस्तऐवज द्या, लिहिणारे आहेत.

आणि संपादक महाराज, आपल्याकडे एवढेच. परीक्षणासाठी आलेले यंत्र आपल्या परीक्षकांच्या हातात असतेच. लिनक्स असेल तर ‘एलएसपीसीआय -एनएन’ हा आदेश द्यावा. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडावे, नेटवर्क अडॅप्टरच्या गुणधर्मांत ‘डिटेल्स’मध्ये जाऊन ‘हार्डवेअर आयडीज’ निवडावे. तिथे निर्मात्याचा आणि चिपचा असे चार-चार अंकाक्षरांचे दोन क्रमांक मिळतात आणि शेवटी ‘रेव्ह’पुढे आवृत्ती. ते छापावे. हाताशी वेळ असेल तर लिनक्सची पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करावे, जड फाइल नेटवर्कवरून चढवता-उतरवता यंत्र एकदा झोपवावे, उठवावे आणि वाय-फाय आपणहून परत येते का ते पाहावे. कार्डाचे खरे रूप झोपेतून उठतानाच दिसते. आले नाही, तर कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ या आदेशाच्या शेवटच्या काही ओळीही छापाव्यात. त्या वाचून कार्ड घ्यायचे की नाही ते आम्ही ठरवू.

आपली,
वाचनालयाच्या संगणकखोलीतली एक वाचक